कचरा तोलणाऱ्या मुलीचं पुढे काय?

मॅडम, नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. चार एकर भात आणि थोडं काजू. मोठा मुलगा उद्यमबागेत फाउंड्रीत आहे. धाकटी मुलगी बेळगावात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, बॉटनी आणि झूलॉजी घेऊन. तिच्या जुन्या मराठी शाळेत एका मोठ्या पर्यावरण संस्थेच्या भारतातल्या शाखेचा प्रकल्प चालू आहे. त्यात ती दर शनिवारी जाते, मुलांकडून कचरा गोळा करून तोलून घेते आणि वहीत लिहिते. डिग्रीला गेलेली पोरगी कचरा तोलते म्हणून गावात हसतात. आता म्हणते, बी.एड. नको, ह्याच कामात राहायचं. देणगीवर चालणाऱ्या कामात पोट भरतं का? उद्या पैसे बंद झाले तर काय? फिरतीचं काम मुलीला झेपेल का? कन्नडही तिचं जेमतेम आहे.
– एक पालक, खानापूर तालुका

सप्रेम नमस्कार.

आधी कचऱ्याचंच बोलते, कारण तुमच्या पत्रात तेच सगळ्यात जास्त सलतंय असं मला वाटलं.

दोन वर्षांपूर्वी तुमच्याच तालुक्यातल्या एका मराठी शाळेत एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या मुलांशी बोलायला गेले होते. पोचले तेव्हा बिसीऊटची, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाची वेळ संपत आली होती. हातपंपाजवळच्या आंब्याच्या फांदीला स्प्रिंगचा काटा अडकवून सातवीतल्या दोन मुली बादली टांगत होत्या. बादलीत ताटांतलं आणि पातेल्यातलं उरलेलं, सांबारात कालवलेला भात. एकीने काट्यावर डोळा लावून आकडा सांगितला, दुसरीने लिहिला. रिकाम्या बादलीचं वजन वजा करायचं ती विसरली, तशी पहिलीने तिला कोपराने ढोसलं. वहीत सहा आठवड्यांचे आकडे होते आणि दर बुधवारचा आकडा इतर वारांच्या जवळपास दुप्पट. मी विचारलं, बुधवारी असं का? वर न बघताच ती म्हणाली, "बाजार असतोय की बाई. पोरं येत नाहीत, भात तेवढाच शिजतो." त्यानंतर वर्गप्रमुख सकाळच्या हजेरीचा आकडा स्वयंपाकघरात नेऊन द्यायला लागला. पुढे मास्तरांचा फोन आला की बुधवारची बादली इतर दिवसांसारखीच झाली.

भाषणं देऊन, भिंतीवर 'अन्न वाया घालवू नका' लिहून हे झालं नसतं. आकडा लिहिला म्हणून झालं. तुमची मुलगी दर शनिवारी करते ते हेच आणि ह्या क्षेत्रात ह्याच कामाचे पैसे मिळतात. झाडं लावताना फोटो काढणारे खूप भेटतात. वर्षभर न चुकता मोजून त्यातून अर्थ काढणारं माणूस शोधावं लागतं.

तुम्ही संस्थेचं नाव कळवलं नाहीत, पण वर्णनावरून प्रकल्प 'इको-स्कूल्स'च्या धर्तीचा दिसतो. 1992 च्या रिओच्या जागतिक पर्यावरण परिषदेनंतर, 1994 मध्ये युरोपातल्या काही देशांत हा कार्यक्रम सुरू झाला. मुलांची समिती करायची, शाळेची पाहणी करायची, पाणी, वीज, कचरा यांपैकी काय हाती घ्यायचं ते ठरवायचं, मोजत राहायचं, ते धड्यांशी जोडायचं, गावाला त्यात ओढायचं आणि शेवटी शाळेने आपलं ब्रीद लिहायचं, अशी त्याची सात पायऱ्यांची रीत आहे. ती नीट पाळणाऱ्या शाळेला हिरवा झेंडा मिळतो. तो चालवणारी 'फाउंडेशन फॉर एन्व्हायर्न्मेंटल एज्युकेशन' 1981 साली निघाली तेव्हा तिच्या नावात 'युरोप' होतं. 2001 मध्ये दक्षिण आफ्रिका सामील झाली, तेव्हा तो शब्द गळला. स्वच्छ समुद्रकिनाऱ्यांना दिला जाणारा 'ब्लू फ्लॅग'ही त्यांचाच. आपल्या कर्नाटकात होन्नावरजवळच्या कासरकोडला आणि उडुपी जिल्ह्यातल्या पडुबिद्रीला 2020 मध्ये तो मिळाला.

आता तुमच्या खऱ्या काळजीकडे येते. अशा संस्थांचं मुख्यालय परदेशात असलं, तरी इथलं काम इथली संस्था बघते. भारतात इको-स्कूल्सचं काम अहमदाबादचं 'सेंटर फॉर एन्व्हायर्न्मेंट एज्युकेशन' करतं, ते 1984 पासूनचं आहे. वन्यजीव आणि निसर्ग जपणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफ ह्या जागतिक संस्थेची भारतातली शाखा 1969 मध्ये इथेच विश्वस्त संस्था म्हणून नोंदली गेली. म्हणजे तुमच्या मुलीला कामावर घेणारी संस्था भारतीय, पगार रुपयांत आणि कायदे इथलेच. लेटरहेडवर जगभर गाजलेलं चिन्ह आहे म्हणून नोकरी पक्की, असं मुळीच नाही. उलट, देणगीवरचं काम म्हणजे फुकटचं काम, हेही खरं नाही.

पैसा दोन वाटांनी येतो, हे तुम्हालाही माहीत असलेलं बरं. परदेशी देणगी घ्यायला संस्थेकडे 2010 च्या परदेशी देणगी कायद्याखालची, म्हणजे एफसीआरएची नोंदणी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर त्या पैशातला 20 टक्क्यांहून जास्त भाग ऑफिसखर्चाला वापरता येत नाही आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. पूर्वी दिल्ली-बेंगळुरूच्या मोठ्या संस्था तालुक्यातल्या लहान संस्थांना त्यातून काम द्यायच्या. ती वाट बंद झाली. दुसरी वाट कंपन्यांच्या सीएसआरची. ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकामावर खर्चावे लागतात आणि पर्यावरण त्या कामांच्या यादीत आहे. पण हा पैसा बहुतेक वेळा प्रकल्पाला बांधलेला असतो. प्रकल्प संपला की पगारही थांबतो.

ह्याचा चटका मी जवळून पाहिलाय. माझी एक विद्यार्थिनी एका संस्थेत तीन वर्षं शाळांमध्ये काम करत होती. मार्चअखेर प्रकल्प बंद झाला आणि तिच्या हातात काही नव्हतं. पीएफ कापलेला नव्हता, अनुभवाचं पत्र मागून मागून चार महिन्यांनी मिळालं, अहवालात तिचं नाव कुठेच नाही. सगळे आकडे तिने गोळा केलेले. ती माझ्यासमोर बसून रडली आणि मला माझीच चूक दिसली. कामावर जाताना तिने काय विचारून घ्यावं हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

म्हणून तुम्हाला सांगते. नियुक्तीपत्र आलं की प्रकल्पाचा पैसा किती वर्षांचा मंजूर आहे, हे आधी विचारायचं. पत्रावर सही मूळ संस्थेची आहे की मधल्या ठेकेदार एजन्सीची, ते बघायचं. 20 किंवा जास्त माणसं असलेल्या संस्थेला पीएफ भरावाच लागतो, तेव्हा पीएफचं विचारायला संकोच नको. दर वर्षाच्या शेवटी केलेल्या कामाचं पत्र लेखी घ्यायचं. चांगली संस्था ह्या प्रश्नांनी रागावत नाही. जी रागावते तिच्याकडे जायचं नाही.

बी.एड. नको म्हणते, त्यात तिचं चुकतंय असं मला वाटत नाही. पण कारण तिने नीट तपासावं. मराठी शाळांतल्या कायम जागांची वाट बघत गेस्ट टीचर म्हणून वर्षानुवर्षं काढणारी किती मुलं आपण पाहतो. दोन वर्षं बी.एड. करून त्या रांगेत उभं राहण्यापेक्षा तिने आधी एम.एस्सी. करावी, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्राची एम.एस्सी. आहे. पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था 1993 पासून नेमकं हेच शिकवते. आणि तिचा कल जनावरं-पाखरांकडे असेल, तर देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचा (एनसीबीएस) वन्यजीव अभ्यासक्रम आहे. तिथे जागा मोजक्या, स्पर्धा देशभराची, त्यामुळे एकट्या त्यांच्या भरवशावर राहायचं नाही. बेंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाकडेही बघा, तिथे घरच्या उत्पन्नानुसार फीमध्ये मदत मिळते.

कोल्हापूर-पुण्याचा विचार असेल तर एक काम लगेच करा. वादग्रस्त सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्र सरकारने प्रवेशात काही सवलती ठेवल्यात. तुमचं गाव यादीत आहे का ते बघा आणि लागणारे दाखले आत्तापासून जमवा. दरवर्षी एखादं हुशार लेकरू एका दाखल्यासाठी अडून बसलेलं बघते मी, आणि फार वाईट वाटतं.

एम.एस्सी.चा आग्रह मी पदवीच्या मोठेपणासाठी धरत नाही. प्रकल्प बंद पडला तरी ती डिग्री उपयोगी पडते. चिकोडी-अथणी पट्ट्यातल्या साखर कारखान्यांना सांडपाणी शुद्ध करावंच लागतं, त्यासाठी पर्यावरण शिकलेलं माणूस लागतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या भरत्या निघतात. पदवीच्या प्रत्येक शाखेत पर्यावरणाचा पेपर असतो, तो कुणीतरी शिकवायचाच आहे. आणि पाच-सात वर्षं शाळांत काम केल्यावर तिला खरंच वर्ग हवासा वाटला, तर बी.एड. तेव्हाही करता येईल.

कन्नडचं मात्र मी कडक शब्दांत सांगणार आहे. ते जेमतेम राहून चालणार नाही. भाषेची दुखरी बाजू मला ठाऊक आहे. मी ह्याच मातीतली आहे, आमच्या घरातही त्या आठवणी आहेत. पण पीडीओकडे, म्हणजे ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्याकडे पाण्याच्या टाकीसाठी अर्ज द्यायचा झाला, बीईओ ऑफिसला, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अहवाल न्यायचा झाला, तर तो कन्नडमध्ये लागतो. मुख्य ऑफिसला अहवाल इंग्रजीत जातो. आणि भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांवर म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं तर तिची घरातली मराठीच हवी. अभयारण्य, पुनर्वसन हे शब्द ऐकले की तिथली माणसं गप्प होतात, आणि त्यांना तसं व्हायला कारण आहे. आपल्या बोलीत बोलणाऱ्या मुलीसमोर ती तोंड उघडतील. तिन्ही भाषांत काम करणारी माणसं ह्या क्षेत्रात अगदी मोजकी आहेत. तिला रोज अर्धा तास कन्नड वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला बसवा, एका पावसाळ्यात फरक दिसेल.

आणि तिच्या पायाखाली केवढं मोठं पुस्तक आहे, हे तिला कुणी सांगितलंय का? तुमच्या एकाच तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगवते आणि कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जाते. देगावच्या बाजूला म्हादई उगवते, ती गोव्यातून अरबी समुद्राला मिळते. तिच्या पाण्यावरून तीन राज्यांत भांडण आहे आणि लवादाचा निवाडा 2018 मध्ये आला. शाळेच्या मैदानात मातीचा उंचवटा करून वरून पाणी ओतलं, तर पाचवीच्या मुलांना हे एका तासात कळतं. बारापेडेच्या गुहांतलं ते दुर्मीळ वटवाघूळ 1912 मध्ये पहिल्यांदा सापडलं आणि कित्येक दशकं ते जगात फक्त तिथेच आहे असं मानत. भीमगड 2011 मध्ये अभयारण्य झालं, सुमारे 190 चौरस किलोमीटरचं. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला हे नकाशावर शोधावं लागतं. मुलीने ह्यातला एक विषय धरावा, समजा गावची विहीर, आणि उरलेलं दीड वर्ष दर पंधरा दिवसांनी पाण्याची पातळी मोजून लिहावी. काथ्याला दगड बांधला तरी काम होतं. एम.एस्सी.च्या मुलाखतीत ती वही टेबलावर ठेवता आली पाहिजे.

शिवाय 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती आणि गावच्या झाडाझुडपांची, बियाण्यांची नोंदवही असावी लागते. तुमच्या पंचायतीतली नोंदवही कुठे आहे ते पीडीओंना विचारा. बऱ्याच ठिकाणी ती कपाटात असते. तुमच्याकडे भाताच्या कुठल्या जुन्या जाती होत्या, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? ते तुम्ही सांगा आणि तिने लिहावं.

फिरतीचं म्हणाल तर काम आहेच फिरतीचं, ते मी गोड करून सांगणार नाही. कर्नाटक सरकारच्या महिलांसाठीच्या शक्ती योजनेमुळे सरकारी बसचं भाडं तिला लागत नाही, पण कणकुंबीकडची शेवटची गाडी चुकली तर रात्री कुठे राहायचं, ह्याचं उत्तर संस्थेकडे असलं पाहिजे. दहा किंवा जास्त माणसांच्या संस्थेत महिलांच्या तक्रारींसाठी समिती असावी लागते. ती कोण, तिचा फोन काय, हे तिने पहिल्याच दिवशी लिहून घ्यावं. बाकी, पावसात चिखल तुडवत भात लावणाऱ्या घरातल्या मुलीला चालणं झेपेल का, हे मी तुम्हाला काय सांगू.

येत्या शनिवारी भांगलणीतून एक सकाळ काढा आणि तिच्याबरोबर शाळेत जा. काटा तुम्ही धरा, आकडा तिला सांगा. वहीची मागची पानंही चाळून बघा आणि त्यात काय दिसलं ते मला कळवा. नियुक्तीपत्र आलंच, तर सही करण्याआधी त्याची प्रत माझ्याकडे पाठवा, मी ओळ न ओळ वाचून देईन.

तुमची,
मार्गदर्शक ताई, बेळगाव