जुन्या निधनवार्तांतून घराण्याचा शोध : परतूरच्या प्रश्नाला उत्तर

आपले आजोबा १९७८ च्या सुमारास परतूर तालुक्यातील गावी वारले, घरात त्यांच्या मृत्यूचा दाखला नाही, पणजोबांच्या मागचे कोणालाच सांगता येत नाही, आणि अशा स्थितीत त्या काळच्या वर्तमानपत्रांतील निधनवार्ता शोधून काही हाती लागेल का, असे आपण विचारले आहे. गेली सतरा-अठरा वर्षे मी आमच्या आणि नात्यातल्या काही घराण्यांच्या वंशावळी जुळवतो आहे, आणि त्या अनुभवावरून सांगतो की, लागते; मात्र आपण जे शोधायला निघाला आहात त्यापेक्षा वेगळेच काही लागण्याचा संभव अधिक आहे.

बहुतेक जण निधनवार्ता शोधतात ती मृत्यूच्या तारखेसाठी. तारीख इतरत्रही मिळू शकते. आजोबांच्या नावावर शेती असेल तर तलाठ्याकडील गाव नमुना ६-क म्हणजे वारस नोंदवही आणि तिच्यावरून झालेला फेरफार (जमिनीच्या हक्कातील बदलाची नोंद) यांत मृत्यूची तारीख आणि वारसांची नावे येतात. निधनवार्तेचे मोल तिच्या शेवटच्या दोन-तीन ओळींत असते. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे. अमुक गावचे अमुक यांचे ते मेहुणे, तर तमुक यांचे सासरे होत.’ जमिनीच्या कागदावर सासरी गेलेल्या मुलींची नावे अनेक घरांत लागलीच नाहीत किंवा हक्कसोड होऊन (वाटा सोडल्याचे लिहून देऊन) निघून गेली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलींना वारस ठरवल्यानंतरही खेड्यापाड्यांत कित्येक वर्षे हेच चालत आले. वर्तमानपत्रातील या ओळींत मात्र जावई येतात, व्याही येतात, त्यांची गावे येतात. आणि ज्या घराण्याला स्वतःचा जुना कागद नाही, त्याला तो नेमका या सोयऱ्यांच्या घरी सापडतो.

याचे माझ्या घरातलेच उदाहरण देतो. माझ्या आजोबांची थोरली बहीण लग्नानंतर कोणत्या घरात गेली, हे आमच्याकडे कोणालाही सांगता येत नव्हते. ‘जिंतूरकडची आत्या’ एवढेच सगळ्यांच्या तोंडी होते. आजोबांच्या धाकट्या भावाचे निधन १९८३ साली झाले. त्यांच्या निधनवार्तेत शेवटी एक ओळ होती की, जिंतूर येथील एका गृहस्थांचे ते मेहुणे होत. मराठीत पत्नीचा भाऊही मेहुणा आणि बहिणीचा नवराही मेहुणाच, हे मी त्या वेळी पुरेसे ध्यानात घेतले नाही. ते गृहस्थ म्हणजे चुलतआजीचे भाऊ असे मी धरून चाललो आणि वर्षभर चुलतआजीच्या माहेरच्या माणसांत त्यांना शोधत राहिलो. तेथे त्या नावाचे कोणीच नव्हते. अखेर जिंतूरला जाऊन त्या आडनावाच्या घरी विचारले, तेव्हा ते आमच्या आत्याआजीचे यजमान निघाले. त्यांच्या नातवाने लाकडी पेटीतून काढून दाखवलेल्या एका वहीत लग्नातील आहेराची यादी होती, आणि त्या यादीत माझ्या पणजोबांचे, त्यांच्या दोन भावांचे व मूळ गावाचे नाव होते. आमच्या स्वतःच्या घरात यातले एक अक्षरही उरले नव्हते. तेव्हापासून नात्याचा शब्द दोन्ही बाजूंनी तपासल्याशिवाय मी वंशावळीत ओळ ओढत नाही. मेहुण्याप्रमाणेच ‘बंधू’ हा शब्दही फसवा आहे, कारण त्यात चुलत, मावस, मामेभाऊ सगळे सामावतात. ‘दोन मुले’ म्हणजे दोन मुलगे की दोन अपत्ये, हे पुढे ‘मुली’ हा शब्द आला आहे की नाही यावरून ठरवावे. ‘साडू’ आणि ‘व्याही’ हे शब्द मात्र निश्चित अर्थाचे आहेत.

‘पश्चात’ या शब्दाखाली फक्त हयात माणसे येतात, हेही विसरू नये. बापाच्या आधी गेलेला मुलगा त्या आकड्यात नसतो. त्याची विधवा ‘सुना’ या शब्दात आणि त्याची मुले ‘नातवंडे’ या शब्दात येतात. म्हणून निधनवार्तेतील मुलांची संख्या वारस नोंदीशी जुळली नाही, तर लगेच चूक समजू नये. स्त्रीच्या नावामागची उपाधीही बरेच सांगते. ‘सौ.’ असेल तर त्या दिवशी पती हयात होते, ‘गं. भा.’ (गंगाभागीरथी) असेल तर ते आधी गेले होते, आणि मग त्यांची निधनवार्ता त्याआधीच्या अंकांत शोधावी लागते. स्त्रीचे माहेर सरळ लिहिलेले क्वचितच सापडते. ते तिच्या भावाच्या किंवा भाच्याच्या नावावरून ओळखावे लागते.

आता तारखेविषयी. जुन्या अंकात बातमीच्या आरंभी ‘परतूर, दि. १२ (वार्ताहर)’ असे असते. ही तारीख वार्ताहराने बातमी लिहिली त्या दिवसाची. निधन त्या दिवशी किंवा त्याआधी झालेले असते, आणि अंकाची तारीख आणखी पुढची असते, कारण तालुक्याची बातमी टपालाने किंवा एसटीच्या गाडीने पाकिटातून पोहोचायची. त्यामुळे एखाद्या दिवसाचा अंक पाहून थांबू नये, पुढचे आठ-दहा दिवस चाळावेत. ‘येथील’ हा शब्दही आरंभीच्या गावाशी जोडून वाचायचा असतो. छत्रपती संभाजीनगरहून निघणाऱ्या पत्रात ‘येथील’ म्हणजे परतूर असू शकते. बातमीत तारीख नसेल, पण दशक्रिया किंवा तेरावा अमुक दिवशी असे दिले असेल, तर निधनाचा दिवस धरून मागे मोजता येते : दशक्रिया २१ तारखेला असेल तर निधन १२ तारखेचे. मात्र समाजागणिक उत्तरकार्याचे दिवस बदलतात, म्हणून आपल्या घरची रीत काय हे आधी विचारून घ्यावे.

पैसे देऊन छापलेल्या ‘प्रथम पुण्यस्मरण’ किंवा ‘वर्षश्राद्ध’ या जाहिरातींत अधिक लोक चुकतात. त्यातून एक वर्ष वजा करून मृत्यूची तारीख काढली जाते आणि तीच पुढे वंशावळीत कायम होते. वर्षश्राद्ध तिथीने होते. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे असल्याने तीच तिथी पुढील वर्षी सुमारे अकरा दिवस आधी येते, आणि मध्ये अधिक मास पडला तर साधारण एकोणीस दिवस उशिरा येते. जाहिरातीत तिथी दिली असेल तर त्या वर्षीचे पंचांग काढून तारीख नक्की करावी. या जाहिराती तरीही टाकाऊ नाहीत. छायाचित्राखाली ‘शोकाकुल’ म्हणून जी नावे असतात, त्यांत सुना-नातवंडांची पूर्ण नावे येतात, जी बातमीत कधीच नसतात.

शोधताना फक्त ‘निधन’ या शब्दावर डोळा ठेवू नये. लिंगायत घरांत ‘लिंगैक्य’ किंवा ‘शिवैक्य’, वारकऱ्यांच्या घरी ‘वैकुंठवासी’, बौद्ध समाजात ‘कालकथित’, ‘जलदानविधी’ आणि ‘पुण्यानुमोदन’, मारवाडी समाजात ‘उठावणा’, मुस्लिम कुटुंबांच्या बातमीत ‘दफनविधी’ असे शब्द असतात. यावरून पुढचे दारही कळते : कोठे मठातील जंगमांकडे म्हणजे लिंगायत पुरोहितांकडे, कोठे पैठणच्या किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांकडे, कोठे काझींकडील निकाहाच्या नोंदवह्यांकडे. आडनावही एकच धरून चालू नये. आपल्याकडे एकाच घरातला एक भाऊ कुलकर्णी, दुसरा देशपांडे आणि नोकरीसाठी शहरात गेलेला तिसरा गावाच्या नावावरून ‘कर’ लावणारा, असे नेहमी आढळते.

आपल्या प्रकरणातील वर्ष १९७८ असल्याने त्या काळी छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) येथून निघणारे ‘मराठवाडा’ आणि ‘अजिंठा’ या दैनिकांचे अंक आधी पाहावेत. ‘लोकमत’ची तेथील आवृत्ती १९८२ साली सुरू झाली, त्यामुळे ती येथे उपयोगी नाही. एखादा मुलगा तेव्हा पुण्या-मुंबईत नोकरीला असेल, तर त्याने तेथील वर्तमानपत्रातही बातमी दिलेली असू शकते. जिल्हा ग्रंथालय, तालुक्याची जुनी सार्वजनिक वाचनालये, विद्यापीठ आणि जुन्या महाविद्यालयांची ग्रंथालये येथे बांधीव संचांची चौकशी करावी, आणि जाण्यापूर्वी ग्रंथपालांना वर्ष व महिना लिहून कळवावा, म्हणजे संच काढून ठेवला जातो. कागद पिवळा पडून कडक झालेला असतो. पान बोटांनी टोकाशी न धरता खाली पुठ्ठा घालून उलटावे. छायाचित्र घेताना नुसती बातमी न घेता वर्तमानपत्राचे नाव व तारीख असलेला पानाचा माथाही घ्यावा. माझ्याकडे सुरुवातीच्या काळातील अशी काही कात्रणे आहेत, ज्यांचा दिनांक मला आता कशानेही सिद्ध करता येत नाही.

१९४८ पूर्वीच्या पिढीविषयी फार आशा धरू नये. निजामाच्या राज्यात मराठी पत्रे थोडी होती. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली सुरू केलेल्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर सरकारने वारंवार बंदी घातली आणि ते नावे बदलून निघत राहिले. अशा पत्रांत साध्या शेतकऱ्याच्या निधनाला जागा नव्हती. त्या पिढीसाठी महसुली कागदाकडेच जावे लागते. तो उर्दूत किंवा मोडीत असतो आणि त्यावर फसली सन (महसुलासाठी वापरली जाणारी कालगणना) असतो. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो. हे वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होत असल्याने १३५७ फसली म्हणजे १९४७-४८ धरावे.

आपला शोध जातीच्या दाखल्यासाठीही असेल, तर एवढे स्पष्ट सांगतो की, केवळ निधनवार्तेच्या कात्रणावर दाखला मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा शासकीय कागद पाहिला जातो. कोणत्या गावच्या कोणत्या कागदात नाव शोधायचे, हे निधनवार्ता सांगू शकते.

शेवटी परतूरची एक गोष्ट. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला आणि तोपर्यंत परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता. म्हणून १९७८ च्या अंकांत आपल्या गावची बातमी परभणी जिल्ह्याच्या वार्तापत्राखाली शोधावी. मृत्यूची नोंदही जेथे मृत्यू झाला तेथे होते. आजोबांना शेवटी परभणीला किंवा औरंगाबादला दवाखान्यात नेले होते का, हे घरातील सर्वांत वयस्कर माणसाला आधी विचारावे. त्यांच्याकडून महिना जरी कळला, निदान पेरणीचे दिवस होते की दिवाळी नुकतीच झाली होती एवढे जरी कळले, तरी चाळायचे अंक तीनशेवरून साठ-सत्तरवर येतात.