प्रोजेक्ट आयजीआय हा जुना खेळ लोक अजून का विसरत नाहीत, आणि आज तो खेळावा का?

आपला प्रश्न असा आहे की, प्रोजेक्ट आयजीआय या संगणकावरच्या खेळाची चित्रे आज अगदी ओबडधोबड दिसतात, मिशनच्या म्हणजे मोहिमेच्या मध्ये कुठेही सेव्ह करता येत नाही, म्हणजे तिथवरची वाटचाल जपून ठेवता येत नाही, मग पस्तिशी-चाळिशीतली माणसे त्याचे नाव निघताच एवढी हळवी का होतात, आणि नव्याने खेळणाऱ्याने त्याच्या वाटेला जावे का. मी गोव्यातल्या फोंड्याचा. अकरावी-बारावीच्या दिवसांत बसस्थानकाजवळच्या एका सायबर कॅफेत मी हा खेळ शिकलो आणि त्यानंतर तो किमान पाच वेळा शेवटपर्यंत खेळलो आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: लोकांना त्यातली बंदूकबाजी आठवत नाही, आत पाऊल टाकण्यापूर्वी बाहेर थांबून केलेली पाहणी आठवते.

खेळाची माहिती थोडक्यात अशी. नॉर्वेतील ओस्लोच्या इनरलूप स्टुडिओजने तो तयार केला आणि आयडॉस या कंपनीने डिसेंबर 2000 मध्ये विंडोजसाठी प्रकाशित केला. आयजीआय म्हणजे ‘आय अ‍ॅम गोइंग इन’, अर्थात मी आत शिरतो आहे. खेळाचा नायक डेव्हिड जोन्स हा एसएएस या ब्रिटिश लष्कराच्या विशेष पथकातला माजी सैनिक चोरीला गेलेल्या अण्वस्त्राचा माग काढतो आणि अ‍ॅन्या नावाची सहकारी त्याला रेडिओवरून सूचना देते. एकूण 14 मिशने आहेत. कथेत याहून फार काही नाही आणि खरे सांगायचे तर तिच्यासाठी कोणी हा खेळ खेळलेही नाही.

त्याचे वेगळेपण समजण्यासाठी एक गोष्ट ठाऊक असावी लागते. इनरलूपने याआधी जॉइंट स्ट्राइक फायटर हा लढाऊ विमानांचा खेळ केला होता आणि त्याच्याच इंजिनावर, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवर, आयजीआय उभा राहिला. विमानाच्या खेळाला मैलोन्मैल मोकळी जमीन दाखवावी लागते. त्यामुळे त्या काळचे बहुतेक बंदुकीचे खेळ बोळ, खोल्या आणि तळघरे यांत अडकलेले असताना आयजीआय मात्र आपल्याला एखाद्या टेकडीवर उभे करून समोरचा अख्खा लष्करी तळ उघडा करून दाखवत असे: काटेरी कुंपण, टेहळणीचे मनोरे, बराकी, दिव्यांचे खांब आणि कुंपणापलीकडे दूरवर पसरलेली ओसाड जमीन. हातात दुर्बीण असे आणि एक छोटा संगणक असे, ज्यावर तळाचे उपग्रहातून दिसणारे दृश्य उमटे. ते जवळ आणले की पहारेकरी वरून इकडून तिकडे चालताना दिसत. आमच्या कॅफेत कुणी त्या नकाशावर वाकला की शेजारच्या दोन खुर्च्या आपसूक जवळ सरकत.

पहिले मिशन रेल्वेच्या यार्डात घडते. तिथल्या एका चौकीच्या भिंतीला चिकटून मी जे काही मिनिटे बसलो होतो, ते मला आजही जसेच्या तसे आठवते. कॅफेतल्या हेडफोनची एकच बाजू चालत होती. त्या एका कानात बुटांचा आवाज जवळ येई, थांबे आणि पुन्हा लांब जाई. पहारेकऱ्याची पाठ वळल्याची खात्री झाल्यावर मी कोपऱ्यातून डोकावलो, तर पलीकडच्या भिंतीवर कॅमेरा होता, जो मी नकाशावर पाहिलाच नव्हता. भोंगा वाजला आणि बराकीचे दार उघडले. त्या बराकीतून येणारी माणसे संपतच नाहीत, हे मला त्या दिवशी कळले. दुसऱ्या खेपेला मी आधी कॅमेरे बंद करणारा संगणक शोधला आणि मगच भिंत ओलांडली.

आता सेव्हचा मुद्दा. मिशनच्या शेवटच्या दारात गोळी लागली, तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. अनेकांनी तेव्हाही हा मोठा दोष मानला, आणि खेळणाऱ्याच्या वेळेचा विचार केला तर तो दोष आहेच. गोव्यातल्या पावसाळ्यात तर वीज केव्हा जाईल याचा नेम नसे. विमानतळाच्या मिशनमध्ये चाळीस मिनिटे सांभाळून पुढे गेल्यावर पडदा काळा झालेला मी अनुभवला आहे. तरीही माझे ठाम मत असे आहे की, सेव्ह असता तर हा खेळ इतका मनात राहिला नसता. परत येण्याची सोय नसल्यामुळे प्रत्येक कोपऱ्याला किंमत आली. मागे उभे राहून पाहणारी मुले ‘सवकास वच रे, सवकास’ (हळू जा रे, हळू) असे दबक्या आवाजात कोंकणीत सांगत, जणू त्यांच्या बोलण्यानेसुद्धा पहारेकरी सावध होईल.

चोरपावलांच्या खेळांच्या इतिहासात आयजीआयचा मान पहिला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. जपानी खेळरचनाकार हिदेओ कोजिमा यांचा मेटल गिअर हा खेळ 1987 मध्ये एमएसएक्स 2 या संगणकावर आला. त्या यंत्राला पडद्यावर एकाच वेळी खूप सैनिक आणि गोळ्या दाखवणे जमत नव्हते, म्हणून लढण्याऐवजी लपण्यावर खेळ रचला गेला. पुढे 1998 या एकाच वर्षी टेन्चू, मेटल गिअर सॉलिड आणि थीफ हे तिन्ही खेळ आले. थीफमध्ये तर आपण उजेडात आहोत की अंधारात, गालिच्यावर चालतो आहोत की फरशीवर, यावरून पहारेकऱ्याला चाहूल लागते. आयजीआयमध्ये असली बारीक कारागिरी नाही. त्याचे पहारेकरी कधी समोर असूनही पाहत नाहीत, तर कधी फार लांबून अचूक नेम साधतात. पण थीफ मला माझ्या गावात खेळायला मिळालाच नाही आणि आयजीआय मिळाला, यातच त्याच्या वारशाचे अर्धे उत्तर आहे.

तो साध्या संगणकावर चाले, त्याला इंटरनेट लागत नसे आणि एकट्याने खेळता येई. सीडी हातोहात फिरत. समोरासमोर गोळ्या झाडण्याऐवजी सावधपणे वाट काढायला लावणारा खेळ म्हणून कित्येकांसाठी हा पहिलाच होता. 2003 मध्ये आलेल्या आयजीआय 2 मध्ये मर्यादित सेव्ह आणि अनेकांनी मिळून खेळण्याची सोय दोन्ही होती. मला तो अधिक सफाईदार वाटला, पण छातीतली ती धडधड कमी झाली. इनरलूप त्याच वर्षी बंद पडली. 2019 मध्ये पूर्वकथेवरच्या एका नव्या आयजीआयची घोषणा झाली, तेव्हा आमच्या जुन्या मंडळींच्या गटात दिवसभर दुसरा विषय नव्हता.

आज खेळायचा असेल, तर एवढे जरूर करा. हेडफोन लावा, कारण पावलांचा आवाज हीच सर्वांत विश्वासाची खबर आहे. इंटरनेटवरचे मार्गदर्शक व्हिडिओ निदान पहिल्या तीन मिशनांसाठी पाहू नका. आत शिरण्यापूर्वी नकाशावर कॅमेरे, मनोरे आणि बराकींची दारे कुठे आहेत ते कागदावर टिपून घ्या. माझ्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानांवर रेल्वे यार्डाचा असा नकाशा अजून आहे आणि त्यात मला न दिसलेला तो कॅमेरा लाल पेनाने दाखवलेला आहे. पहिले मिशन दोन-तीन प्रयत्नांत जमले नाही तर सोडून देऊ नका; मला ते सातव्या प्रयत्नाला जमले.