व्यसनाधीन आईबापांच्या घरी जाऊन केलेल्या मदतीचा खरंच उपयोग होतो का, हे तपासायचं कसं?

तुमच्या प्रश्नाचा गाभा मला असा कळला: तुमची संस्था दारू किंवा इतर नशेत अडकलेल्या, घरात दोन-अडीच वर्षांच्या आतलं मूल असलेल्या आईबापांकडे दर आठवड्याला कार्यकर्ती पाठवते. आता देणगीदार म्हणतात, परिणाम दाखवा. तर 'इतक्या जणांनी व्यसन सोडलं' एवढा आकडा पुरेल का?

नाही पुरणार. माझं ऐकाल तर तो आकडा पहिल्या ओळीत टाकूच नका. अशा कार्यक्रमांचं मूल्यमापन हेच माझं काम आहे आणि बहुतेक अहवाल इथेच घसरतात. नशा सुटणं आणि बाळाचं बरं चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन (हेरॉइन, अफूसारख्या नशेच्या व्यसनावर डॉक्टर देतात ती औषधं) नियमित घेणारी, वर्षानुवर्षं उपचारावरच असलेली आई बाळाचं सगळं नीट करत असू शकते. उलट एखादा बाप दारू सोडून बसलेला असतो, पण दिवसभर उदास, आणि मूल रडलं तरी मान वर करत नाही. शिवाय व्यसन पुन्हा सुरू होणं हा या आजाराचा नेहमीचाच भाग आहे. त्या दिवशी बाळाला कोणाकडे ठेवलं होतं, डोसची बाटली कुलपात होती का, नशेत असताना बाळाला कुशीत घेऊन झोपले का, हे विचारा. खरा फरक तिथे कळतो.

दुसरी गोष्ट तुलनेची. 'आधी असं होतं, सहा महिन्यांनी तसं झालं' ही मांडणी दिसायला छान, पण फसवी. माणसं मदतीला तयार होतात तीच मुळी सगळं हाताबाहेर गेल्यावर: बाळ नुकतंच जन्मलेलं, बालसंरक्षणवाले दारात, घरात रोजची भांडणं. तिथून परिस्थिती थोडीफार आपोआपही सावरते आणि श्रेय कार्यक्रमाला जातं. याच्या उलटही घडतं, आणि ते जास्त महत्त्वाचं आहे. ऑस्ट्रेलियात शॅरन डॉ आणि पॉल हार्नेट यांनी 'पॅरेंट्स अंडर प्रेशर' नावाचा गृहभेटींचा कार्यक्रम उभा केला. 2007 साली त्यांनी मेथाडोनवर असलेल्या पालकांमधली चाचणी प्रसिद्ध केली. मुलं थोडी मोठी होती, पण मुद्दा तोच. घरी जाऊन मदत मिळालेल्या गटात मुलाला इजा होण्याचा धोका कमी झाला, आणि नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात काही बाबतीत परिस्थिती आणखी बिघडली. पुढे ब्रिटनमध्ये अडीच वर्षांच्या आतल्या मुलांच्या सुमारे 100 पालकांवर हाच कार्यक्रम तपासला गेला (2019), तेव्हाही धोक्याच्या मोजमापात कार्यक्रमाचा गट सरस ठरला. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तुमच्याकडची कुटुंबं वर्षभर 'जैसे थे' राहिली, तर तेही यश असू शकतं. पण तुलनेला दुसरा गट नसेल तर ते तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि देणगीदाराला तर नाहीच नाही.

मग तुलनेचा गट आणायचा कुठून? जागा कमी आणि गरजू जास्त असतील, तर चिठ्ठ्या टाकून गट पाडणं हा सगळ्यात न्याय्य मार्ग आहे. ओळखीवर किंवा 'ही बाई सुधारेल असं वाटतं' यावर निवड करण्यापेक्षा कितीतरी बरा. फक्त दुसऱ्या गटाला रिकाम्या हाती थांबवू नका. एक वर्षाच्या बाळासाठी सहा महिने म्हणजे अर्धं आयुष्य. त्यांना नेहमीची मदत मिळत राहिली पाहिजे.

आता गळती. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण अहवालात हीच गोष्ट सोयीस्करपणे गायब असते. कार्यकर्तीची वही उघडा. 'भेट झाली' अशा नोंदींपुढे ओळीच्या ओळी लिहिलेल्या असतात: बाळ हसलं, आईने गाणं म्हटलं, औषध घेतलं. मध्येच 'दार उघडलं नाही' अशी तीन शब्दांची नोंद येते, पुढच्या आठवड्यात तीच, मग ते नावच वहीतून नाहीसं होतं. शेवटी टक्केवारी काढताना मोजली जातात ती टिकलेली घरं. पण दार न उघडणाऱ्या घरातच बहुधा जास्त बिघडलेलं असतं. म्हणून पहिल्या दिवशी होकार दिलेलं प्रत्येक कुटुंब शेवटच्या हिशोबात धरा, एकच भेट झाली असली तरी. सोडून गेलेल्यांना शोधून, निदान फोनवर तरी, शेवटचं मोजमाप घ्या. कटकटीचं आहे, पण याला पर्याय नाही.

मोजमाप कोणी करायचं? भेटी देणाऱ्या कार्यकर्तीने तर नक्कीच नाही. तिचा जीव त्या घरात गुंतलेला असतो, आणि आईला ठाऊक असतं की हिच्या कागदावरून मूल काढून घेतलं जाऊ शकतं. अशा वेळी प्रश्नावलीला खरी उत्तरं कोण देईल? त्यापेक्षा आई बाळाला भरवतानाचा काही मिनिटांचा व्हिडिओ खूप सांगून जातो. बाळ दोन घास खाऊन मान वळवतं. काही आया चमचा खाली ठेवतात, थांबतात, बाळ परत बघेपर्यंत वाट पाहतात. काही तसाच चमचा गालाला लावून रेटतात. हा व्हिडिओ कोणत्या गटातला आहे हे माहीत नसलेल्या माणसाने त्याला गुण द्यायचे. नशेबद्दल फक्त विचारून भागत नाही, लघवीची तपासणीही हवी. मात्र बहुतेक पदार्थ लघवीत काही दिवसच सापडतात, हे ध्यानात ठेवा.

बालसंरक्षणाकडे गेलेल्या तक्रारी मोजाव्यात का? मोजा, पण जपून. ज्या घरात दर आठवड्याला कोणी डोकावतं, तिथलं दुर्लक्ष लवकर उघडकीस येतं. तक्रारी वाढल्या म्हणजे कार्यक्रमाने वाटोळं केलं असा अर्थ काढू नका.

घरातल्या मारहाणीची नोंद मात्र सुरुवातीलाच घ्या. अमेरिकेत एल्मायरा इथे डेव्हिड ओल्ड्स यांच्या परिचारिका-भेटींच्या कार्यक्रमामुळे मुलांच्या हेळसांडीच्या तक्रारी पुढची अनेक वर्षं कमी झालेल्या दिसल्या, पण जिथे नवराबायकोत हिंसा खूप होती त्या घरांत तो फायदा उरला नाही. (बाकी, बाप या विषयातल्या बहुतेक अभ्यासांत जवळजवळ दिसतच नाहीत. तुमच्या प्रश्नात 'आईबाप' आहेत, तर बापालाही मोजा.)

कोणीतरी 2012 चा कॉक्रेन आढावा (उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेचा) तुमच्यापुढे ठेवेल. व्यसन असलेल्या गरोदर आणि बाळंत स्त्रियांच्या गृहभेटींवरचे 7 अभ्यास, 803 आई-बाळ जोड्या, आणि निष्कर्ष असा की सरसकट शिफारस करण्याइतका पुरावा नाही. त्याला घाबरू नका, लपवूही नका. भेटी उपयोगाच्या नाहीत, असं तो म्हणत नाही. कुठे परिचारिका गेल्या, कुठे समुपदेशक, कुठे प्रशिक्षण दिलेल्या साध्या बायका. काही अभ्यासांची पद्धतही कच्ची. एवढ्या वेगवेगळ्या गोष्टींची एकत्र बेरीज करून ठाम उत्तर निघणं कठीणच होतं.

पहिलं मोजमाप गट पाडण्याआधी घ्या, आणि शेवटचं भेटी बंद झाल्यावर सहा महिन्यांनी. देणगीदाराकडे या शेवटच्या मोजमापाचे पैसे आत्ताच मागून ठेवा, नंतर कोणी देत नाही.