दोन वर्षं डिप्रेशनच्या गोळ्या खाऊनही फरक नाही, आता काय करायचं?

"मॅडम, दोन वर्षं झाली, तीन डॉक्टर झाले, आता हे असंच राहणार ना?" हा प्रश्न मला सारखा येतो म्हणून एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

नाशिकच्या सिडकोत राहणारे, सातपूर एमआयडीसीत मशीनवर काम, वय चाळीसच्या आसपास. बोलत बायकोच होती, हे खाली बघत बसलेले. पोराशी बोलत नाहीत, गावाला यायला नको म्हणतात, सुट्टीच्या दिवशी आंघोळ दुपारी चारला.

मी म्हटलं, घरात आहेत तेवढ्या सगळ्या गोळ्या आणि चिठ्ठ्या घेऊन या. पुढच्या वेळी साडीच्या दुकानाची पिशवी भरून आणल्या, टेबलावर पसरल्या तर अकरा स्ट्रिप्स आणि एकही पूर्ण संपलेली नाही, कुठे चार फोडलेल्या, कुठे नऊ. विचारलं तर हळूच म्हणाले, "नाईटच्या आठवड्यात घेत नाही, झोप येते, मशीनमध्ये हात गेला तर?" हे त्यांनी एकाही डॉक्टरला सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंच नाही आणि यांना वाटलं ओरडतील. त्यात तीन आठवड्यात फरक नाही की डॉक्टर बदल.

आता हे नीट समजून घ्या. डिप्रेशनच्या गोळीचा परिणाम जाणवायलाच साधारण 2 ते 4 आठवडे लागतात आणि ती लागू पडते की नाही हे ठरवायला 6 ते 8, तेही बरोबर डोस रोज घेतला तर. अमेरिकेतल्या स्टार-डी या मोठ्या अभ्यासात (2006) पहिल्या औषधाने साधारण तिघांतला एकच पूर्ण बरा झाला होता, म्हणजे पहिली गोळी चालली नाही यात तुमचं काही चुकलं असं नाही. पण यांचं तर एकही औषध पुरतं घेऊन झालं नव्हतं!

मी बोलून उपचार करते, गोळ्या लिहून देत नाही, म्हणून मी हे सगळं एका कागदावर लिहून त्यांना सायकियाट्रिस्टकडे पाठवलं. त्यांनी ज्याने झोप कमी येते असं औषध दिलं, थायरॉइड आणि बी-12 तपासायला सांगितलं, थायरॉइड निघालाच. दारूचं मी विचारलं होतं, जीव द्यावासा वाटतो का हेही स्पष्ट विचारलं. विचारल्याने असले विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट माणूस मोकळा होतो. "कधीकधी" म्हणाले. बायकोला सगळं सांगितलं आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416 दोघांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करायला लावला, तो फ्री आहे आणि 24 तास चालतो.

माझ्याकडून त्यांना एकच काम दिलं, पोराला क्लासला चालत सोडायचं, मन असो नसो. बायको स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खूण करायची. पहिल्या आठवड्यात दोनच खुणा, आणि त्या दोन खुणांवर आम्ही अर्धा तास बोललो.

चार महिन्यांनी डिप्रेशन मोजायच्या प्रश्नावलीचा स्कोअर (जितका कमी तितकं बरं) 20 वरून 8 वर आलाय. वाईट आठवडे अजून येतात. बरं वाटलं तरी गोळी निदान 6 ते 9 महिने चालू ठेवायची आणि मनाने बंद करायची नाही, हे डॉक्टरांनी बजावलंय. दोन औषधं नीट घेऊनही फरक पडला नाही तरी जोड औषध, आरटीएमएस (डोक्याला चुंबकीय लहरी देऊन उपचार), ईसीटी (मेंदूला थोडा वेळ वीज देऊन उपचार) असे मार्ग उरतातच. 'शॉक' म्हटलं की लोक घाबरतात, पण ईसीटी भूल देऊनच करायची, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने भुलीशिवाय करायला बंदीच आहे.

मागच्या वेळी ते एकटेच आले. खिशातून स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली, एक गोळी जास्त उरली होती, आणि ती कोणत्या दिवशी का राहिली हे मी विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं.