देवगिरी पायी बघायचा तर

अरे भावा, यादवांची राजधानी देवगिरी, म्हणजे दौलताबादचा किल्ला, एका दिवसात पायी बघायची म्हणतोस ना, मग सकाळी गेट उघडलं की आत जा, उन्हाळ्यात दगड लई तापतो, वर चढवत नाही. हत्ती हौद, भारतमाता मंदिर, चांदमिनार बघून घे, चिनी महालापाशी मात्र थांब, १६८७ ला गोवळकोंडा पडल्यावर तिथला सुलतान अबुल हसन तानाशाह इथंच कैदेत होता. पुढं खंदक अन् अंधारी, म्हणजे वळणावळणाचा काळोखा बोगदा. तिथं घाई नको, चांगली बॅटरी ने, वटवाघळांचा वास येतो पण एकेक वळण नीट बघ, शत्रूला कसं फसवायचे ते कळतं. तुघलकानं १३२७ ला दिल्लीहून राजधानी इथं का आणली ते वरच्या बारादरी महालातून खाली बघितलं की पटतं. पाणी दोन लिटर तरी पाहिजे, अन् चप्पल नको, बूटच घाल.