सिग्नल गेला तरी रिपीटर ऑनच राहतो: रिसीव्हरचा सीओएस कंट्रोलरला कसा जोडावा?

तुमचा रिपीटर (एका फ्रीक्वेन्सीवर ऐकलेलं दुसरीवर पुन्हा पाठवणारा रेडिओ) सिग्नल गेला तरी ऑनच राहतो, असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही दिलेल्या आकड्यांतच दोष दिसतो: रिसीव्हरच्या सीओएसवर (सिग्नल आल्याचं कंट्रोलरला सांगणारी लाइन) सिग्नल नसताना १.१ व्होल्ट, असताना ६. बीसी५४७ ट्रान्झिस्टरचा बेस ०.६ च्या आसपासच चालू होतो. तुम्ही फक्त १० के रेझिस्टर लावून हे व्होल्टेज बेसला दिलंय, त्यामुळे ट्रान्झिस्टर कधी ऑफच होत नाही.

रिसीव्हर आणि बेस यांच्यामध्ये २२ के, बेस ते ग्राउंड १० के लावा. १.१ चे बेसवर ०.३४ व्होल्ट उरतात, ट्रान्झिस्टर ऑफ. ६ व्होल्टला बेसमध्ये सुमारे ०.१८ मिलिअँपिअर जातो. कंट्रोलरचा पुल-अप (पिन एरवी हाय धरणारा रेझिस्टर) १० के आणि ५ व्होल्टचा असेल तर कलेक्टरला जेमतेम अर्धा मिलिअँपिअर ओढायचाय, म्हणजे सॅच्युरेशन (ट्रान्झिस्टर पूर्ण ऑन) पक्कं. मीटरवर कलेक्टर ०.२ च्या खाली दिसायला हवा. पुल-अप कंट्रोलरच्याच ५ व्होल्टचा असू द्या. १२ ला बांधलात तर इनपुट पिन उडू शकते. पाय लावताना जपून: सपाट बाजू समोर धरली की बीसी५४७ मध्ये डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ मध्ये नेमकं उलट.

कंट्रोलरमध्ये पोलॅरिटी 'ॲक्टिव्ह लो' (पिन लो म्हणजे सिग्नल आला) ठेवा. ॲक्टिव्ह हाय ठेवून वायर तुटली किंवा रिसीव्हरची सप्लाय गेली, तर पुल-अपमुळे पिन हाय होते आणि रिपीटर टाइमआउटपर्यंत नुसता कॅरिअर (आवाज नसलेली लहर) पाठवत बसतो. डोंगरावरच्या साइटवर हे परवडत नाही. लो ठेवलं तर तोच बिघाड ट्रान्समीटर बंद ठेवतो. रिसीव्हर मुळातच सिग्नलला लो देत असेल तर आणखी एक ट्रान्झिस्टर घालून उलटवा, पण कंट्रोलरकडे जाणारी वायर लोच ठेवा.

बेस ते ग्राउंड १ नॅनोफॅरड सिरॅमिक हवाच, पाय आखूड कापून. पीटीटीनंतरच (ट्रान्समीटर ऑन झाल्यावरच) सीओएस अडकत असेल तर रिसीव्हरची अँटेना काढा, तिथे ५० ओहमचं टर्मिनेशन लावा आणि कंट्रोलरवरून ट्रान्समीटर ऑन करा. तरीही अडकला तर आरएफ वायरीतून शिरतोय, शिल्डेड केबल घ्या. सुटला तर डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर वेगळे ठेवणारा फिल्टर) तपासा.

कमकुवत सिग्नलला सीओएस फडफडतो म्हणून बेसवर १० मायक्रोफॅरड लावू नका. या रेझिस्टरांबरोबर त्याचा टाइम कॉन्स्टंट जवळपास ७० मिलिसेकंद होतो, आणि बोलण्याचं पहिलं अक्षर कापलं जातं. फडफड स्क्वेल्चच्या (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणाऱ्या सर्किटच्या) हिस्टेरेसिसमध्ये (उघडण्या-बंद होण्याच्या पातळीतल्या फरकात) मिटवा, उरलेली हँग टाइम (सिग्नल गेल्यावरही ट्रान्समीटर थोडा ऑन राहतो तो वेळ) झाकतो.