दांडपट्टा घ्याच, पण आधी डीएमकडून एक ओळ लिहून घ्या

पात्राला पट्टा द्यावा का, हा तुमचा प्रश्न वाचला. मर्दानी खेळात तयार झालेली लढवय्यी, हातात दांडपट्टा, डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, पात्र घेऊन फाशांवर खेळायचा कथाखेळ) याची पाचवी आवृत्ती, आणि डीएम (डन्जन मास्टर, खेळ चालवणारा) म्हणतोय, 'लाँगस्वोर्ड घे ना, पट्ट्याने वेगळं काय होणार? नुसती हौस.' माझं जुनं दुखणं अगदी हेच, त्यामुळे उत्तर लांबणार. फासे, फेऱ्या, आर्मर क्लास वगैरे तुम्हाला येतं असं धरून चालते.

हौस आहे यात वाद नाही. पण डीएमला हौस सांगू नका, पट्टा कसा चालतो ते सांगा. पातं लोखंडी हातमोजासारख्या मुठीला पक्कं असतं, आत आडवा दांडा धरायचा, हात पुढून झाकलेला. मनगट वळत नाही, सगळा जोर खांद्यातून आणि कमरेतून, म्हणून ते गरगर फिरणं. खेळाच्या भाषेत याचा अर्थ असा की शत्रूने हातातलं शस्त्र पाडणं महाकठीण. आणि तोटाही तितकाच ठळक: त्या हाताने औषधाची बाटली उघडता येत नाही, कुलूप खोलता येत नाही, दोर धरता येत नाही, मंत्राचे हातवारे तर विसराच. डीएमसमोर आधी हा तोटा ठेवा. त्यांना भीती असते ती फुकटच्या फायद्याची.

आता माझी तक्रार. गोष्ट डी अँड डीच्या जुन्या साडेतीन (३.५) आवृत्तीच्या काळातली. मुंबईतल्या एका मंडळाची सलग मोहीम चालायची, रविवारी, दादरच्या बाजूला भाड्याच्या हॉलमध्ये. पाच-सहा टेबलं, आणि नियमांसाठी वेगळी समिती. पात्राचा कागद आधी त्यांच्याकडे द्यायचा, मग खेळायचं. मी पट्टा लिहिला आणि सोबत साधा हिशोब दिला: लाँगस्वोर्ड १५ सोन्याची नाणी, लॉक्ड गाँटलेट (लोखंडी हातमोजा) ८, एकूण २३. हे लॉक्ड गाँटलेट त्या आवृत्तीच्या मूळ पुस्तकातच आहे. शस्त्र हाताला साखळ्यांनी जखडतं, निःशस्त्र होण्याविरुद्ध फाशाला +१०, आणि त्या हाताने मंत्र नाही, कौशल्य नाही. म्हणजे पट्टाच की! नवा नियम एकही मागितला नव्हता.

उत्तर काय, तर 'पुढच्या रविवारी बघू.' पुढच्या रविवारी बघणारे आलेच नाहीत. त्यानंतर म्हणे ईमेल करा. ईमेलला उत्तर नाही. शेवटी कागद परत आला तो समासात लाल पेनाने 'एक्झॉटिक, फीट घ्या' एवढंच लिहून. म्हणजे शस्त्र विशेष गटातलं, वापरायला जादा कसब (फीट) खर्च करा. साडेतीनमध्ये फीट पहिल्या पातळीला एक, मग तिसरीला, मग सहावीला. त्यातली एक नुसती शस्त्र हातात धरण्याची परवानगी म्हणून गेली. तेही सोसलं. पण एक्झॉटिक ठरवताना त्या शस्त्राचे गुणधर्म कोणी लिहिलेच नाहीत. पहिल्याच मोठ्या लढाईत शत्रूने निःशस्त्र करायचा डाव टाकला, फासा माझ्या विरुद्ध पडला, आणि टेबलावरचा डीएम म्हणाला, 'कागदावर काही लिहिलेलं नाही, पडली तलवार.' कोपराशी बांधलेली तलवार. पडली. कशी, ते समितीला विचारा म्हणाला.

वर खजिना. छापील साहसांत (मॉड्यूलमध्ये) जादुई शस्त्रं सापडतात ती लाँगस्वोर्ड, खंजीर, फार तर कुऱ्हाड. सगळ्यांच्या हातात +१, माझा पट्टा साधाच. खजिन्यातली तलवार पट्टा म्हणून द्या अशी विनंती केली, तर 'मॉड्यूलमध्ये बदल नाही.' फीटपेक्षा हे महागात पडलं, कारण पुढे साध्या शस्त्राला दाद न देणारे राक्षस येतात आणि तुम्ही मागे उभं राहून टाळ्या वाजवता. असो. ती माणसं मुद्दाम वाईट नव्हती, पण निर्णय टाळणं हाच ज्यांचा निर्णय असतो त्यांच्याशी खेळू नये असं माझं ठाम मत झालंय.

म्हणून माझा सल्ला (मी कोणी नियमतज्ज्ञ नाही, तुमच्या टेबलावर तुमच्या डीएमचाच शब्द शेवटचा): नवं शस्त्र मागूच नका. पुस्तकातल्या शस्त्राचे आकडे घ्या आणि वर रूप पट्ट्याचं चढवा. एका हातात पट्टा, दुसऱ्यात ढाल असेल तर लाँगस्वोर्डचे, दोन हातांनी धरण्याची सोय वगळून. दोन्ही हातांत पट्टे हवेत तर सिमिटरचे (वाकडी तलवार), १डी६ (सहा बाजूंच्या एका फाशाचा मार), कारण तो लाइट (दोन हातांत दोन चालतील असा हलका) आहे. मग ही ओळ पात्राच्या कागदावर डीएमकडून लिहून घ्या: 'निःशस्त्र होत नाही, तो हात दुसऱ्या कामाला नाही, चढवायला-उतरवायला एक पूर्ण अॅक्शन, खजिन्यातली तलवार पट्टा म्हणून मिळेल.' सही मागितली तरी चालेल, मी मागते.

डीएम तरीही 'आकडे सारखेच, मग कशाला' म्हणाला तर आकड्यांपलीकडचं दाखवा. कोयता घ्या. नगराच्या वेशीवर पहारेकरी तलवार काढून ठेवायला लावतील, शेतकऱ्याच्या कमरेचा कोयता कोण अडवतंय? फक्त चोराचं पात्र खेळत असाल तर जपून: कोयत्याला सिकलचे (विळ्याचे) आकडे लावले तर पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या पुस्तकात सिकल फिनेस (चपळाईचं शस्त्र) नाही, स्नीक अटॅक (चोराचा जादा माराचा वार) बसत नाही. कट्यारीला डॅगरचे आकडे लावा, फेकणं काढून टाका. १डी४ पाहून नाक मुरडू नका. पाचव्या पातळीच्या चोराचे स्नीक अटॅकचे ३डी६ तसेच पडतात, रेपियर या सडपातळ तलवारीच्या १डी८शी फरक सरासरी दोनाचा. वाघनखांचं तर सांगायलाच नको. भेटीला निःशस्त्र जायचं ठरलं असताना मुठीत काय लपतं हे १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी दिसलंच. आणि त्याच भेटीत सय्यद बंडाचा वार जिवा महालाने अडवला तो पट्ट्याने, असं आपण लहानपणापासून ऐकतो. डीएम मराठी असेल तर एवढ्यावरही विरघळेल.

धारेचा प्रकारही बघा. ऑकर जेली किंवा ब्लॅक पुडिंग हे लिबलिबीत राक्षस कापले की एकाचे दोन होतात, तिथे पट्टा फिरवणं म्हणजे शत्रू वाढवणं. सांगाड्यांना ठेचणारा मार दुप्पट लागतो. म्हणून कमरेला एक साधी गदा असू द्या. पट्टा उतरवायला वेळ लागतो, तेव्हा ती डाव्या हाताशी लटकवा.

पाचव्या आवृत्तीच्या सुधारित २०२४च्या पुस्तकात शस्त्रांना मास्टरी (शस्त्रागणिक एक खास करामत) आली आहे. सिमिटरची 'निक' दोन पट्ट्यांना झकास बसते: दुसऱ्या हाताचा जादा वार बोनस अॅक्शन (पाळीतली जादा छोटी कृती) न खर्चता मिळतो. तुमचा गट कुठलं पुस्तक वापरतो ते लिहा, म्हणजे आकडे नेमके सांगते.

जाता जाता: टेबलावर दाखवायला फोमचा पट्टा केलात तर लोकलमध्ये किंवा मॉलच्या दारात तो उघडा नेऊ नका. चंदेरी रंग लांबून खराच वाटतो आणि सिक्युरिटीवाल्याला समजावण्यात तुमचं अर्धं सत्र जातं. योगा मॅटच्या पिशवीत बरोबर बसतो.